टुलिया गावचं अपील

"इथे हरलो तर हरलो, वरच्या कोर्टात बघून घेऊ!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. बांधाच्या भांडणात, भाऊबंदकीत, भाडेकरूच्या खटल्यात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं म्हणणारी आपली माणसं एकदा पायरी चढली की मात्र थेट वरच्या मजल्यावरच नजर ठेवतात. आपली अशी एक समजूत असते, की वरच्या कोर्टात जास्त हुशार, जास्त निःपक्षपाती माणसं बसलेली असतात, ती सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून बघतील आणि खरं-खोटं निवडून देतील.

ही समजूत किती खरी आणि किती खोटी, हे मला ज्या एका प्रकरणाने नीट समजावलं, त्याबद्दल आज लिहिते आहे. प्रकरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं आहे. आरोप अमली पदार्थ विकल्याचा. विषय जरा रुक्ष वाटेल, पण वाचकहो, थोडा धीर धरा.

आधी एक शाळेतलं उदाहरण देते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दहावीचा निकाल लागला की पालक येत आणि सांगत, "बाई, गणिताचा पेपर परत तपासायला टाकलाय." मी विचारायची, "परत तपासायला, की गुणपडताळणीला?" दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुणपडताळणी म्हणजे एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, आतले गुण मुखपृष्ठावर बरोबर उतरले आहेत का, बेरीज चुकली आहे का, एवढंच बघणं. तुमच्या पोराने लिहिलेलं उत्तर कोणी नव्याने वाचत नाही. बेरीज बरोबर असेल तर गुण तेच राहतात, मग परीक्षक त्या दिवशी डोकेदुखीने हैराण असो नाहीतर झोपेत असो.

अमेरिकेतलं फौजदारी अपील हे बरंचसं या गुणपडताळणीसारखं असतं. हे लक्षात ठेवा आणि चला टुलियाला.

टुलिया हे टेक्सासच्या उत्तर टोकाकडचं, अमॅरिलो शहराच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवरचं एक छोटं गाव. वस्ती पाच हजारांच्या आसपास. सपाट माळरान, कापूस, मका, गुरं. आपल्या विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढंसुद्धा नाही. गोऱ्यांची वस्ती मोठी, मेक्सिकन वंशाचे बरेच, आणि कृष्णवर्णीय मोजके.

२३ जुलै १९९९ ला पहाटे पोलिसांनी या गावात एकाच वेळी घराघरांवर छापे घातले. एकूण ४६ जणांवर आरोप होते आणि त्यातले सुमारे चाळीस कृष्णवर्णीय होते. गावातल्या कृष्णवर्णीयांपैकी साधारण दर दहातला एक जण त्या दिवसात पकडला गेला. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांना आधीच कळवलेलं होतं. झोपेतून उठवलेली माणसं, कोणी अर्ध्या कपड्यांत, कोणी केस पिंजारलेल्या अवस्थेत, कॅमेऱ्यासमोरून नेली गेली. गावातल्या वर्तमानपत्राने 'रस्त्यांवरचा कचरा साफ झाला' अशा अर्थाचा मथळा दिला. खटले अजून उभेही राहिले नव्हते!

छाप्यात काय सापडलं? अमली पदार्थ नाहीत, हत्यारं नाहीत, नोटांची बंडलं नाहीत. पाच हजारांच्या गावात कोकेन विकणारे चाळीसपेक्षा जास्त लोक, आणि एकाच्याही घरात चिमूटभर माल नाही. गिऱ्हाईक कोण होतं मग? हा प्रश्न तेव्हा गावात फारसा कोणी विचारला नाही.

सगळा पुरावा एका माणसाकडे होता. त्याचं नाव टॉम कोलमन. वडील टेक्सास रेंजर, म्हणजे तिकडच्या नावाजलेल्या पोलीस दलातले. कोलमनने वेषांतर करून, खोट्या नावाने दीड वर्ष टुलियात वावरून शंभरावर वेळा कोकेन विकत घेतलं, असं त्याचं म्हणणं होतं. बरोबर साथीदार नाही. ध्वनिमुद्रण नाही. चित्रीकरण नाही. पुडीवर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत. टिपणं कुठे ठेवलीस असं विचारलं तर म्हणे, पायावर लिहून ठेवत होतो! पुडीत कोकेन होतं हे प्रयोगशाळेने सांगितलं. पण ती पुडी कोणाच्या हातून आली, हे सांगणारा जगात एकटा कोलमन. त्याच वर्षी त्याला राज्यातला उत्कृष्ट पोलीस अधिकारी म्हणून गौरवण्यात आलं.

खटले सुरू झाले डिसेंबर १९९९ मध्ये. पहिलाच आरोपी होता साठीच्या जवळ आलेला, डुकरं पाळून पोट भरणारा एक कृष्णवर्णीय शेतकरी. (आरोपींची नावं मी मुद्दाम देत नाही. सुटलेल्या माणसाचंही नाव शोधायला गेलं की पहिल्यांदा आरोपच सापडतो, आणि त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला तो पुन्हा पुन्हा कशाला?) आरोप काय, तर साधारण साडेतीन ग्रॅम कोकेन विकल्याचा. मी मुद्दाम घरी काट्यावर साडेतीन ग्रॅम साखर मोजून पाहिली, चहाचा एक चमचाही भरत नाही. पूर्वीचे गुन्हे नावावर होते म्हणून शिक्षा वाढली. किती? ९० वर्षं! पुढे एका तरुण आईला २५ वर्षं झाली. एका माणसाच्या शिक्षांची बेरीज तीनशे वर्षांच्या पुढे गेली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला त्याच्या जवळपास जाणारी ती शिक्षा.

आणखी एका तरुणाची गोष्ट मला फार लागली. त्याच्यावर आधीचा एकही गुन्हा नव्हता. सरकारी वकिलाने तडजोड देऊ केली, गुन्हा कबूल कर, पाच वर्षांत भागवू. त्याच्या वडिलांनी त्याला एकच विचारलं, हे तू केलंस का? मुलगा नाही म्हणाला. मग जे केलं नाहीस ते कबूल करू नकोस, असं वडिलांनी सांगितलं. मुलगा खटल्याला उभा राहिला आणि त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्या बापाला त्यानंतर झोप कशी लागली असेल? आपण आपल्या मुलांना खरं बोलायला शिकवतो, आणि एखाद्या दिवशी त्या शिकवणीची किंमत पंधरा वर्षं असते.

या शिक्षा बघून बाकीच्यांचं अवसान गळालं. त्यांनी भराभर गुन्हे कबूल केले. कबुली दिली की अपिलाचा बहुतेक हक्कही सोडावा लागतो. म्हणजे परीक्षा न देताच नापासाचा दाखला सही करून घ्यायचा. अशा रीतीने एकूण ३८ जण दोषी ठरले.

पण काहीजण सुटलेही, आणि ते का सुटले हे बघण्यासारखं आहे. एका माणसावर आरोप होता, की अमुक दिवशी अमुक वेळी त्याने कोकेन विकलं. त्याच्या कारखान्याच्या हजेरीपत्रकावर तो त्या वेळी कामावर होता अशी नोंद निघाली, आणि मालकाने कोर्टात येऊन तसं सांगितलं. एका बाईच्या बाबतीत तर ज्या वेळी तिने टुलियात माल विकला असं कोलमन म्हणत होता, त्याच दिवशी ती शेजारच्या राज्यातल्या ओक्लाहोमा सिटीत बँकेत व्यवहार करत होती. बँकेचा कागद निघाला. २००२ साली तिच्यावरचा खटला मागे घ्यावा लागला. आणखी एकाचं वर्णन कोलमनने उंच, दाट केसांचा असं केलं होतं. तो निघाला बुटका आणि टकला.

म्हणजे ज्याच्याकडे कागद होता तो वाचला. ज्याच्याकडे फक्त माणसं होती, म्हणजे आई, बायको, शेजारी, तो अडकला. कारण ती माणसं कृष्णवर्णीय आणि गरीब होती, आणि समोर गणवेशातला एक सरकारी माणूस शपथेवर बोलत होता.

इथे मला माझ्या नोकरीतली एक घटना आठवते. एका शाळेत (नाव नको) परीक्षा फीचे पैसे कमी भरले. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की बुधवारी दुपारी आपण शिपायाला कपाटाशी पाहिलं. शिपाई गरीब, तोंडाने तोतरा. त्याचं कोण ऐकणार? पण त्या बुधवारी दुपारी त्याला टपाल घेऊन तालुक्याला पाठवलेलं होतं, आणि टपालवहीत पंचायत समितीच्या ऑफिसची पोच होती, शिक्क्यानिशी, वेळेनिशी. त्या एका शिक्क्याने त्याची नोकरी वाचवली. मला त्यानंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं, त्या दिवशी त्याला टपाल द्यायला पाठवलंच नसतं तर? तो तितकाच निर्दोष असता, पण पोच नसती.

टुलियातले ते ३८ जण असेच पोच नसलेले.

आता हे सगळं झालं कसं? टॉम कोलमन एक वाईट माणूस होता असं म्हणून मोकळं होता येतं. पण इतिहासात एकटा वाईट माणूस फार काही करू शकत नाही, त्याला वाट करून देणारी व्यवस्था लागते. अमेरिकेत १९८० च्या दशकात अमली पदार्थांविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. कोकेनपासून बनणाऱ्या 'क्रॅक'ने तिथल्या मोठ्या शहरांत हाहाकार माजवला होता, लोकांची भीती खरी होती. १९८६ आणि १९८८ साली कडक कायदे झाले. १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड बर्न नावाच्या तरुण पोलिसाला अमली पदार्थांच्या टोळीने मारलं, त्याच्या नावाने केंद्र सरकारचं अनुदान सुरू झालं. त्या पैशांतून टेक्सासमध्ये अनेक जिल्ह्यांची मिळून विशेष पथकं उभी राहिली. कोलमन अशाच एका पथकाचा माणूस. किती जण पकडले, यावर पुढच्या वर्षीच्या अनुदानाचं गणित जमायचं.

हे वाचल्यावर माझ्या पिढीच्या शिक्षकांना वेगळं काही सांगायला नको. १९७६ साली, आणीबाणीत, आम्हा मास्तर-बाईंनाही नसबंदीच्या 'केसेस'चं टार्गेट होतं. त्याआधी-नंतर अल्पबचतीचं होतं. टार्गेट आलं की माणसाचा आकडा होतो. उद्देश कितीही चांगला असो, आकडा पुरा करायचा झाला की सगळ्यात आधी कोण सापडतो? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो.

असो. मूळ मुद्द्याकडे येऊ, अपिलाकडे.

शिक्षा झालेल्यांनी अपील केलं. अमॅरिलोच्या अपील कोर्टासमोर ही प्रकरणं गेली. आता आपल्या मनातलं वरचं कोर्ट काय करेल? कोलमनला बोलावून विचारेल, बाबा रे, पायावर काय लिहिलंस ते दाखव. तसं काही होत नाही. अपील कोर्टासमोर साक्षीदार येतच नाहीत. येतात ते कागद, खालच्या कोर्टात जे बोललं गेलं त्याची टंकलिखित प्रत. आणि तिथल्या न्यायाधीशांनी काय बघायचं, याचा दंडक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली घालून दिलेला. सगळा पुरावा सरकार पक्षाला अनुकूल धरून वाचायचा, आणि मग विचारायचं, की कोणीही समंजस ज्यूरी या पुराव्यावर दोषी ठरवू शकली असती का? साक्षीदार खरा बोलला की खोटं, हे ठरवणं ज्यूरीचं काम, ते वरच्या कोर्टाने सहसा नव्याने ठरवायचं नाही. ज्यूरीने साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला असतो, आवाज ऐकलेला असतो. वरच्या कोर्टाकडे फक्त कागद.

मग झालं काय, तर एका पोलिसाने शपथेवर सांगितलं आणि ज्यूरीने विश्वास ठेवला, एवढ्यावर शिक्षा कायम झाल्या. बेरीज बरोबर होती हो! उत्तरच खोटं होतं. पण गुणपडताळणीत उत्तर कोण वाचतो?

यात गंमत म्हणावी की क्रूरपणा, अशी आणखी एक गोष्ट. २००१ साली टेक्सासमध्ये कायदा झाला, की अमली पदार्थांच्या खटल्यात गुप्त खबऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा करता येणार नाही, दुसरा पुरावा हवा. चांगला कायदा. पण त्यात खबरी म्हणजे पोलीस नसलेला माणूस. कोलमन तर पोलीस होता. ज्या गावाची सर्वांत जास्त चर्चा झाली, त्या गावालाच तो कायदा लागू पडला नसता.

तरीही टुलियाचं प्रकरण बंद पडलं नाही, कारण गावातल्या काही माणसांनी ते पडू दिलं नाही. त्यात एक गोरा शेतकरी होता. हा बाबा आधी गावच्या शाळेशी भांडून बसलेला, शाळेने मुलांची अमली पदार्थांसाठी सक्तीची चाचणी सुरू केली म्हणून कोर्टात गेलेला. अशी हेकट माणसं शाळेला नकोशी असतात, हे मी अनुभवाने सांगते. पण गावाला ती लागतात! त्याने खटल्यांचे कागद जमवायला सुरुवात केली. अमॅरिलोचे वकील जेफ ब्लॅकबर्न यांनी प्रकरण हातात घेतलं. आणि २००१ साली न्यूयॉर्कहून तिथे पोचली एक नुकतीच वकिलीची पदवी घेतलेली मुलगी, वनिता गुप्ता. भारतीय आईबापांची, फिलाडेल्फियात जन्मलेली, वय २६. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका जुन्या संस्थेत तिला नुकतीच नोकरी लागली होती. (हीच वनिता गुप्ता पुढे २०२१ ते २०२४ अमेरिकेच्या न्याय खात्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पदावर होती.) वॉशिंग्टनच्या मोठ्या वकिली कचेऱ्यांनीही फी न घेता माणसं दिली. २००२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक बॉब हर्बर्ट यांनी या गावावर लागोपाठ लिहिलं, तेव्हा देशाला टुलियाचं नाव कळलं.

या वकिलांनी दुसरा रस्ता धरला. सरळ अपिलाचा रस्ता संपला असला तरी टेक्सासच्या कायद्यात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, अर्ज करता येतो. अपिलात तुम्ही म्हणता, कागदावर जे आहे त्यात चूक आहे. या अर्जात तुम्ही म्हणता, कागदावर जे यायला हवं होतं ते आलंच नाही, दडवलं गेलं. इथे नवा पुरावा आणता येतो, साक्षीदार बोलावता येतात. पण दार अरुंद. आधी राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाला पटवावं लागतं की यात ऐकण्यासारखं काही आहे. सप्टेंबर २००२ मध्ये त्या न्यायालयाने चार जणांचे अर्ज सुनावणीसाठी खाली पाठवले. त्यात तो डुकरं पाळणारा म्हातारा होता, आणि तो वीस वर्षांवाला मुलगाही.

दडवलेलं काय होतं? कोलमनचा पूर्वेतिहास. टुलियात येण्याआधी तो दुसऱ्या एका जिल्ह्यात पोलीस होता. तिथून तो अचानक नोकरी आणि उधाऱ्या टाकून निघून गेला होता. तिथल्या शेरीफने त्याच्यावर चोरीचा गुन्हा दाखल केला होता. १९९८ साली, म्हणजे टुलियातली त्याची मोहीम चालू असतानाच, खुद्द त्याच्यावर अटक वॉरंट आलं. त्याने पैसे भरले, प्रकरण मिटलं, आणि तो पुन्हा कामाला लागला. ज्या एकाच माणसाच्या शब्दावर ३८ जण दोषी ठरत होते, त्याच्याबद्दलची ही माहिती ज्यूरीसमोर आलीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगितलं आहे, की आरोपीच्या उपयोगी पडेल असा पुरावा सरकारी वकिलाने दडवता कामा नये. नियम होता. पाळला गेला नाही, आणि तो पाळला गेला नाही हे कोणीतरी खणून काढेपर्यंत कोणाला कळणारही नव्हतं.

मार्च २००३ मध्ये सुनावणी झाली. मूळ खटले चालवणारे न्यायाधीश बाजूला झाले होते आणि डॅलसचे निवृत्त न्यायाधीश रॉन चॅपमन यांच्याकडे काम आलं. वकिलांनी कोलमनला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि त्याची एकेक गोष्ट कागदाशी ताडून विचारली. तारखा जुळेनात, माणसं जुळेनात. एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळू लागली. कृष्णवर्णीयांसाठी तिकडे जो अत्यंत घाणेरडा शब्द आहे तो आपण सर्रास वापरतो, हेही त्याने कबूल केलं. शेवटी सरकार पक्षाचाच धीर सुटला. १ एप्रिल २००३ ला दोन्ही बाजूंनी मान्य केलं की कोलमनच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही आणि सगळ्या ३८ शिक्षा रद्द व्हाव्यात. चॅपमन यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतका लबाड आणि उत्तरं टाळणारा पोलीस साक्षीदार मी पाहिला नाही.

आता तरी लगेच सुटले असतील? नाही. वरच्या न्यायालयाने शिफारशीवर शिक्कामोर्तब करेपर्यंत थांबणं भाग होतं, आणि त्याला किती महिने लागतील ते कोणी सांगू शकत नव्हतं. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला एवढ्याचसाठी वेगळा कायदा करावा लागला, की या लोकांना तोवर जामिनावर सोडा. १६ जून २००३ ला डझनभर माणसं टुलियाच्या कोर्टातून बाहेर आली. सुमारे चार वर्षं गेली होती. २२ ऑगस्ट २००३ ला गव्हर्नर रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली. लक्षात घ्या, शेवटी सुटका केली ती न्यायालयाने नव्हे, विधिमंडळाने आणि गव्हर्नरने. आणि त्या कागदावरचा शब्दही 'माफी'! जे केलंच नाही त्याची माफी.

पुढे २००४ मध्ये नुकसानभरपाईपोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली आणि ते विशेष पथक मोडीत निघालं. पुढच्या काही वर्षांत टेक्सासमधली तशी पथकं बंद झाली. कोलमनवर खोट्या साक्षीचा खटला चालला. जानेवारी २००५ मध्ये तो दोषी ठरला. शिक्षा १० वर्षांची, पण देखरेखीखाली घरीच राहण्याची. तुरुंगात एकही दिवस काढावा लागला नाही. त्याने ज्यांना आत पाठवलं, त्या सगळ्यांच्या शिक्षांची बेरीज मी वहीत मांडायला घेतली होती. सहाशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिली.

माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं असं, की एवढं मोठं गाव काय साधूसंतांचं होतं? नसेलच. टुलियात नशा करणारे होते, त्यातले काही जण ते नाकारतही नव्हते. एखाद-दुसऱ्याने कधी पुडी विकलीही असेल. आणि विकणाऱ्याबद्दल मला कणभर माया नाही. माझ्या वर्गातली दोन पोरं या व्यसनाने गेलेली मी पाहिली आहेत. पण विकणाऱ्याचा राग येणं आणि हाच विकणारा आहे हे ठाऊक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग जितका मोठा, तितका पुरावा कमी चालतो, हेच टुलियात झालं. भुरट्या चोरीच्या खटल्यात जो पुरावा ज्यूरीने फेकून दिला असता, तो कोकेनच्या खटल्यात ९० वर्षांना पुरला.

आपल्याकडे यातलं काय घडतं? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात मूळात बऱ्याच गुन्ह्यांना किमान १० वर्षं आणि १ लाख दंड होता, थोडा माल आणि ट्रकभर माल असा फरक फारसा नव्हता. तो २००१ च्या दुरुस्तीने आला. पण आपल्या अपिलात एक बरी गोष्ट आहे, उच्च न्यायालयाला पुरावा नव्याने तोलता येतो. गोव्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९९३ साली निकालात निघालं. एका जर्मन पर्यटकाजवळ चरसचे दोन तुकडे सापडले होते, मिळून बारा ग्रॅम. १० वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने कागद नीट वाचले तेव्हा दिसलं, की प्रयोगशाळेत तपासणीला पाठवला होता एकच तुकडा, आणि त्याचं वजन होतं पाच ग्रॅमपेक्षा कमी. दुसरा तुकडा चरसच होता हे सिद्ध करणारं काहीच नव्हतं. पाच ग्रॅमपर्यंतचा चरस तेव्हा स्वतःपुरता माल धरला जाई. दहा वर्षांची शिक्षा महिन्यांवर आली. तिथेही वाचवलं ते कागदानेच, फरक इतकाच की तो कागद सरकारने आपल्याच हाताने अर्धा लिहिला होता. आणि २०२० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका अपिलात सांगितलं, की या कायद्याखाली तपास अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. कायदा आला १९८५ साली, हे ठरलं २०२० साली. मधली पस्तीस वर्षं कोणाकोणाची गेली, त्याची बेरीज कुठल्या वहीत मांडायची?

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला आणि साधनांचं महत्त्व घोकून घेतलं. बखर एकट्याने सांगते तेव्हा तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये, दुसरं पत्र, शिलालेख, परकीयाची नोंद शोधावी, असं आमच्या पुस्तकात होतं. मुलं ते पाठ करून दोन गुण मिळवायची. टुलियाच्या ज्यूरीसमोर एक बखर होती, आणि तिला जुळणारं एकही पत्र नव्हतं. वरच्या कोर्टाने बखरीचं शुद्धलेखन तपासलं. पत्रं शोधायला मात्र एक हेकट शेतकरी आणि एक सव्वीस वर्षांची मुलगी लागली.

तेव्हा वाचकहो, कोणी 'वरच्या कोर्टात बघून घेऊ' म्हणालं तर त्याला एवढं जरूर सांगा, की बाबा, जे काही बघायचं ते खालच्याच कोर्टात बघ. तिथे जो प्रश्न विचारला नाही, जी हरकत घेतली नाही, जो कागद लावला नाही, तो वर गेल्यावर सापडत नाही. आणि पेपरात 'अमुक इतके जण अमली पदार्थ विकताना पकडले' अशी बातमी वाचाल, तेव्हा चहा निवायच्या आत एक प्रश्न मनात येऊ द्या. हे सांगतंय कोण, आणि त्याच्याशिवाय आणखी कोण सांगतंय?

बापाचं ऐकून खरं बोललेला तो मुलगा सुटला, एवढंच एक समाधान. पण त्या गावातल्या कुठल्या बापाने पुढे आपल्या मुलाला काय सल्ला दिला असेल, याचा विचार करत मी परवा रात्री बराच वेळ जागी होते.